भोपळ्यावरची पंगत

आधी ओठांवर बोट, मग तेच बोट पानाकडे, आणि मग अगदी हळू आवाजात, "जेवतंय. उठवू नको."

मामांच्या खोलीत पाय टाकणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत असंच व्हायचं. तुम्ही लग्नाची पत्रिका घेऊन आला असा की विजेचं मीटर बघायला, आधी थांबायचं, वाकायचं आणि पानावर जेवत असलेल्या किड्याचं दर्शन घ्यायचं. किडा म्हणजे मसुरीएवढा काळा भुंगेरा, डोक्याशी आणि मागच्या टोकाशी तांबूस. त्याचं जेवण म्हणजे पिठ्या ढेकूण. तुमच्याही घरातल्या क्रोटनवर पीठ सांडल्यासारखी पांढरी कीड कधी ना कधी बसली असेल, तीच ही. आमच्या तंजावरात तिला तमिळमधून आलेलं मावुपूच्ची हेच नाव चालतं.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत, गल्लीत सगळ्यांचेच मामा. शेतकी संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं शिपायाचं काम केलं. काचा धुवायच्या, भोपळे पुसायचे, किडे पाळायचे. हो, भोपळे. लाल भोपळ्यावर आधी मावुपूच्ची वाढवतात, भोपळा पांढराफटक झाला की त्यावर हे भुंगेरे सोडतात, त्यांची पिल्लं तिथंच खाऊनपिऊन मोठी होतात. निवृत्त झाल्यावर मामांनी हाच उद्योग घरी मांडला. अंधाऱ्या खोलीत फळ्यांवर भोपळे ओळीनं बसलेले असायचे. शेजारच्या बाईंनी एकदा सणाला त्यातला एक मागितला, तर मामा तडक बाजारात गेले आणि नवा भोपळा आणून त्यांच्या हातात ठेवला. मला म्हणाले, "पंगतीतलं पान कुणी उचलून देतं का गे?"

मी पुण्यात शिकून परत आलेली, त्यामुळे माझ्या मराठीची ते टिंगल करत. मी "धन्यवाद" म्हटलं की हात जोडून चहूकडे बघायचे, जणू सभेत कुणी भाषण करतंय. स्वतः मराठी लिहायचे ते तमिळ लिपीत. आमच्या तंजावरी मराठी लोकांतले बरेच जण तसंच लिहितात. त्यांची एक जाड वही होती, तिच्यात कुठल्या घरात, कुठल्या झाडावर किती भुंगेरे सोडले आणि पुढं काय झालं ते सगळं असायचं. न पाहिलेली गोष्ट त्या वहीत कधी गेली नाही. मी गमतीनं एकदा म्हटलं, "मामा, लिहून टाका की, सगळे जगले." ते हसले नाहीत. "बघितल्याशिवाय कसं लिव्हू?" एवढंच म्हणाले.

हे सगळं मी आवडीनं सांगते आहे, कारण यापुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

मी एका खासगी रुग्णालयाचा, मामांच्या भाषेत आस्पत्रीचा, कारभार बघते. आमच्या प्रतीक्षालयात क्रोटनच्या पंधरा-वीस कुंड्या होत्या आणि त्यांच्यावर मावुपूच्ची बसली होती. औषध फवारलं की दम्याचे रोगी खोकून बेजार व्हायचे, म्हणून मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फवारणी बंद केली. मी मामांचं नाव सुचवलं. बाई त्यांना म्हणाल्या, "इथं जमलं तर तिन्ही मजले तुमचे. आणि कुंड्यांपाशी तुमच्या नावाची पाटी लावू."

पाटी! तीस वर्षं मामांनी वाढवलेल्या किड्यांवर साहेबलोकांनी निबंध लिहिले, त्यांत यांचं नाव कुठं आलं नाही. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांनी वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत चारदा लिहून मला दाखवलं. "कुठलं बरं दिसतंय गे?"

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली. मुंग्या चढू नयेत म्हणून. मावुपूच्चीच्या अंगातून गोड पाझरतं, त्या लोभानं मुंग्या तिची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकतात. मग काचेच्या नळीतले भुंगेरे त्यांनी एकेका पानावर सोडले. हे करता करता ते मला काही समजावत होते. मी फोनवर ऑक्सिजनच्या नळकांड्यांची चौकशी करत होते आणि मध्येमध्ये मान हलवत "हो मामा, हो हो" म्हणत होते.

तीन आठवडे गेले. सोमवारी रुग्णालयाच्या तपासणीला सरकारी माणसं यायची होती, म्हणून मी रविवारी मुद्दाम फेरी मारली. पानं बघितली. आधी पीठ सांडल्यासारखे ठिपके होते, आता तिथं भल्यामोठ्या, पांढऱ्या, झिपऱ्या किडी चक्क पळत होत्या. मला वाटलं, मामांच्या नादी लागून मावुपूच्ची पोसली गेली. तपासणीत नाक कापलं जाणार. मामांचं घर दहा मिनिटांवर होतं. फोन तर हातातच होता. मी फोन केला नाही. ड्रेसिंगच्या खोलीतून स्पिरिट आणि कापूस मागवला, दोन आयांना हाताशी घेतलं आणि एकूण एक पान पुसून काढलं. काम संपल्यावर त्या स्वच्छ पानांकडे बघून मला फार बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

सोमवारी तपासणी सुरळीत झाली. दुपारी मामा भिंग घेऊन आले. एक कुंडी बघितली, दुसरी बघितली, मग गुडघ्यांवर बसून सगळ्या बघितल्या.

"पिल्लं कुठं गेली गे?"

"कसली पिल्लं?"

"अय्यो, सांगितलं नव्हतं का? भुंगेऱ्याची पिल्लं. मावुपूच्चीसारखीच दिसतात, पांढरी, झिपरी. पण मोठी असतात आणि पळतात. पुसू नको, असं बजावलं होतं की तुला."

मी काय करून बसले ते मला त्या क्षणी कळलं. सांगायला तोंड उघडणार, तोच जिन्यावरून डॉक्टरीणबाई उतरल्या. "काय, जमतंय का?" त्यांनी विचारलं.

मामा उठून उभे राहिले. "पिल्लं टिकली नाहीत डॉक्टर. एसीची थंडी बाधली असणार. मला आधी सुचायला हवं होतं. माझं चुकलं."

मी समोरच्या टेबलावरचं रजिस्टर उघडलं आणि त्यात बघत राहिले. कोऱ्या पानाकडे.

"परवाइल्लै," बाई म्हणाल्या, म्हणजे असू दे. वाईट बोलल्या नाहीत. देठांच्या बेचक्यांत उरलेली मावुपूच्ची पुन्हा पसरली, पुढच्या महिन्यात खऱ्या कुंड्या गेल्या आणि त्या जागी प्लास्टिकची झाडं आली. ती आजही आहेत.

इथवर तुम्ही मला भित्री म्हणाल आणि ते खरंच आहे. पण याहून वाईट पुढं आहे. त्याच आठवड्यात मामांनी मला गल्लीत अडवलं. "थंडीच असणार ना गे?"

तिथं डॉक्टरीणबाई नव्हत्या, आया नव्हत्या, नोकरीचा प्रश्न नव्हता. आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "असेल मामा."

मग त्यांनी खरोखर शोध घेतला. खोलीत मातीच्या मोठ्या घड्यात बर्फ भरून त्याला टेकून एक कुंडी ठेवली. बर्फ वितळला की कोपऱ्यावरच्या मासळीवाल्याकडून आणखी आणायचे. सोवळ्यातला माणूस, पण मासळीच्या बर्फाची पिशवी हातात धरून गल्लीतून चालायचा. मला हाक मारून त्यांनी भिंग दिलं. "बघ, सुस्तावलंय. जेवण सोडून बसलंय." कारण हाती लागल्याचा केवढा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता! मी भिंगातून बघितलं आणि म्हटलं, "खरंच की."

त्यानंतर कुणी ऑफिसातल्या झाडांचं विचारायला आलं की मामा त्याला हात जोडून परत पाठवत. "एसी आहे? मग वेण्डाम, नकोच. बिचारी उपाशी मरतात."

मामा गेल्या वर्षी गेले. झोपेत गेले, असं त्यांच्या मुलीनं कळवलं. ती पापनाशमला असते, शाळेत शिकवते. दिवसकार्य आटोपल्यावर खोली आवरायला आली तेव्हा तिनं मला बोलावलं. फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. वही तिच्या मांडीवर होती. मामांच्या जुन्या प्रयोगशाळेतल्या एका नव्या साहेबांनी ती मागितली होती. घराघरांतल्या झाडांची अशी टिपणं त्यांच्याकडेही नाहीत, म्हणाले. ती छापताना ते मामांचं नाव घालणार होते.

"ऐका ना अक्का," म्हणत ती मोठ्यानं वाचू लागली. आमच्या गल्लीतली घरं, तिरुवैयारुच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंची तुळस, कुणाची जास्वंद. मग ती थांबली. "हे बघा, अख्ख्या वहीत एवढ्याच ओळीखाली अप्पांनी दोनदा रेघ मारलीय. एसीच्या खोलीत पिल्लं टिकत नाहीत. आस्पत्रीत बघितलं."

बघितल्याशिवाय न लिहिणाऱ्या माणसाच्या वहीत एकच खोटी ओळ होती आणि ती माझी होती. आता ती त्यांच्या नावानं छापली जाणार होती.

मी तिला सगळं सांगितलं. स्पिरिट, कापूस, रजिस्टर, बर्फाचा घडा. माझं बोलून संपलं तरी मी बसून राहिले. खरं सांगते, ती "जाऊ दे अक्का" म्हणेल याची मी वाट बघत होते. मामांनी नक्की म्हटलं असतं.

तिनं वही माझ्यापुढं ठेवली आणि पेन दिलं.

"लिव्हा."

तमिळ अक्षरं मला नीट येत नाहीत. दोन रेघांच्या खाली मी एकेक अक्षर तिला विचारत लिहिलं: हे खरं नाही. पिल्लं जगली होती, जेवत होती. मी त्यांना मारलं. खाली माझं नाव घातलं. तिनं वही घेतली, शाई वाळेपर्यंत उघडी धरली आणि मग मिटून पिशवीत ठेवली.