सम्यकचा बदली

आकांक्षाची नोकरी नेमकी कसली, हे लालबागच्या तिच्या चाळीत कोणालाच धड सांगता येत नसे. आई शेजारणींना सांगे, पोरगी घरबसल्या वॉचमनकी करते. आकांक्षा ते हसण्यावारी न्यायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. कंपनीतली निम्मी माणसं आपापल्या घरून काम करत, आणि त्यांच्या लॅपटॉपमध्ये इंटरनेटवरून काही भलतंसलतं शिरत नाही ना, यावर ती पोटमाळ्यावर बसून डोळा ठेवी. ऑफिसात प्रत्येक वेबसाइट आधी कंपनीच्या चाळणीतून जायची आणि मग समोर यायची. घरी ती चाळणी नव्हती. घरवाल्यांची सोय पुढच्या वर्षी बघू, असं वरच्या साहेबांनी ठरवलं होतं, आणि साहेबांचं पुढचं वर्ष कधी उजाडतं ते नोकरदारांना वेगळं सांगावं लागत नाही.

त्या दुपारी तिच्या पडद्यावर सम्यकच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला, म्हणजे तो कामावर हजर. सम्यक तिच्याच कंपनीतला, डिलाईल रोडला राहणारा. गणपतीनंतर त्याला मेंदूज्वर झाला आणि तेव्हापासून तो परळच्या हॉस्पिटलात पडून होता. शुद्ध यायची, पुन्हा जायची. आणि इथे त्याचा लॅपटॉप भर दुपारी ग्राहकांच्या फायली उघडत होता. मागचं तपासलं तर हे बरेच दिवस चाललेलं. आत जाताना त्याच्या फोनवर जो ओटीपी येतो, तोही दरवेळी अचूक पडलेला.

तिचा वरिष्ठ सुशांत म्हणाला, सरळ गोष्ट आहे, याने पासवर्ड विकलाय आणि आता घरचं कोणीतरी ओटीपी पुरवतंय. त्याने फायलींकडे जाणारी वाट बंद करवली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलिसांत जायचं ठरवलं. सम्यकची नोकरी त्यात जाणारच होती. बेशुद्ध माणसाला चोर म्हणायला सुशांतची जीभ कशी धजली, याचा आकांक्षाला राग आला. तिने तोवरचा वेळ मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी डिलाईल रोड गाठला.

सम्यकची आई कमलाबाई घरात एकट्याच होत्या. कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, तिच्याखाली टेबलावर उघडा लॅपटॉप, चार्जर लावलेला. खोलीतला एकुलता एक टेबलफॅन लॅपटॉपच्या दिशेने वळवलेला होता आणि बाई घामाने डबडबलेल्या होत्या. ऑफिसातून आलेय म्हटल्यावर त्यांनी तिला हाताला धरून बसवलं. तुमच्या ऑफिसचे उपकार विसरणार नाही, म्हणाल्या.

"तुम्ही बदली दिलात म्हणून पोराची जागा राहिली."

आकांक्षाला अर्थ विचारावा लागला नाही. तिचे आजोबा दत्ताराम गिरणीत अर्धं आयुष्य बदलीच होते. कायमच्या कामगाराचा खाडा झाला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदली उभा राहायचा. साचा चालू राहायचा आणि आजारी माणूस परत आला की बदली गुमान उतरायचा. कमलाबाईंचे यजमान राजाराम असेच एकदा महिनोन्‌महिने अंथरुणात होते आणि बदलीने त्यांचा साचा सांभाळला होता. म्हणून बाईंनी हे मशीन बंद होऊ दिलं नव्हतं. अंथरुणाला खिळण्याआधी सम्यकही बजावून गेला होता, आई, याला हात लावू नकोस, काम चालू आहे.

पहिल्यांदा पडद्यावरचा बाण आपोआप फिरताना दिसला तेव्हा त्या घाबरल्या होत्या. "पण आपण भुताखेताला मानत नाय, पोरी. म्हटलं, म्हणजे माणूसच असणार." मग त्या माणसाने पडद्यावर लिहिलं होतं, आई, आपला मुलगा कसा आहे? आपला मुलगा म्हणतो म्हणजे चांगल्या घरचा दिसतोय, असं बाईंना वाटलं. त्यांनी तोंडाने उत्तर दिलं आणि त्याला ते ऐकू गेलं. तेव्हापासून तो रोज दुपारी विचारायचा. सम्यकच्या फोनवर आलेला आकडा मागायचा, आणि त्या वाचून दाखवायच्या.

एवढ्यात पडदा उजळला. बाण कोपऱ्यातून निघाला, मध्ये येऊन थांबला आणि एकेक अक्षर उमटत गेलं.

आई, घरात कोण आले आहे?

आकांक्षाने ओठांवर बोट ठेवलं आणि बाईंना ओढतच गॅलरीत नेलं. या घरातलं बोलणं, डॉक्टरांचे निरोप, एकट्या बाईचं रडणं, सगळं कोणीतरी कुठूनतरी ऐकत होतं. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते तरी ती कुजबुजतच बोलली. हा बदली ऑफिसचा नाही, हा चोर आहे, आणि सगळं सम्यकच्या नावावर येणार आहे. तो शिरला कसा, तेही बाईंच्याच बोलण्यातून निघालं. ताप चढला त्या दिवशी सम्यक कपाळ दाबत डोकेदुखीचं काहीतरी वाचत बसला होता. ब्राउझर जुना झालाय, नवा करा, अशी पाटी मध्येच आली. त्याने ती पुटपुटत वाचली आणि बटण दाबलं.

"म्हणजे त्याने दार उघडलं, आणि आकडे मी दिले," कमलाबाई म्हणाल्या. "रोज विचारणारा तेवढा एकच होता गं."

आकांक्षाला कुठे तोंड लपवावं कळेना. सम्यक आणि ती एका ग्रुपवर होते. 'लवकर बरा हो' लिहून सगळे मोकळे झाले होते, तीही.

कमलाबाई आत गेल्या. पदर खोचून लॅपटॉपसमोर उभ्या राहिल्या.

"बाबा रे, कायमचा माणूस परत येतोय. आता उतर साच्यावरनं."

बाण हलला नाही. पंखा घुरघुरत होता. मग अक्षरं आली, नेहमीचीच.

आई, सम्यक कसा आहे?

बाईंचे ओठ हलले, पण शब्द त्यांनी गिळला. आकांक्षाने वायफाय तोडलं, लॅपटॉप मिटून पिशवीत घातला.

त्या फसव्या पाटीची फाईल लॅपटॉपमध्ये सापडली. सुशांतला आपले शब्द मागे घ्यावे लागले, सम्यकची जागा शाबूत राहिली, आणि साहेबांचं पुढचं वर्ष त्याच आठवड्यात उजाडलं. आता घरवाल्यांचीही प्रत्येक वेबसाइट चाळणीतून जाते. आकांक्षाचा पहारा हलका झाला.

तिने एका दुपारी कमलाबाईंना फोन लावला.

"मावशी, सम्यक कसा आहे?"

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारणा झाली. तिने आपलं नाव सांगितलं, ऑफिसचं सांगितलं, त्या दिवशी गॅलरीत काय बोलणं झालं तेही सांगितलं.

"ते सगळं त्या बदलीलाही ऐकू गेलं असेल," कमलाबाई हळूच म्हणाल्या. "तू दारात ये. तोंड बघेन, मग सांगेन."

फोन ठेवला गेला. आकांक्षा पोटमाळ्यावरून खाली उतरली आणि चपला शोधू लागली.