शेजारधर्म, भाऊबंदकी आणि पास्कोल

फिलोमिनावहिनींचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा गाळत होतो. "सर, हे गेले," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "लबाड!" वहिनींना तो ऐकू गेला. रडता रडताच त्या म्हणाल्या, "व्हय ओ सर, लबाडच." मेलेल्या माणसावर रागावण्याची मला हौस नाही. पण आदल्याच संध्याकाळी अलिबागच्या दवाखान्यात पास्कोलनं मला शब्द दिला होता, की उद्या जुझेला घेऊन ये, बोलतो मी त्याच्याशी. जुझे हा त्याचा सख्खा धाकटा भाऊ. शेजारी शेजारी घरं, मध्ये सामाईक विहीर, आणि वर्षानुवर्षं दोघांचं बोलणं बंद. इतका पिच्छा पुरवून मी तो एक 'उद्या' मिळवला होता, आणि नेमका तो उजाडायच्या आत हा गृहस्थ निघून गेला...

पास्कोल मार्टिस आणि मी रेवदंड्याच्या एकाच शाळेत होतो. तो गणित शिकवायचा, मी नागरिकशास्त्र. म्हणून मला तो 'नागरिक' अशीच हाक मारायचा. परिपाठाला मुलं संविधानाची उद्देशिका म्हणायची तेव्हा हा माझ्या बाजूला हात बांधून उभा. मुलं 'न्याय' म्हणाली की हा कुजबुजणार, "मान्य." स्वातंत्र्य, "मान्य." समानता, "हे तर आमच्याकडचंच." आणि बंधुता आली की घसा खाकरून, "इथं आपली हरकत आहे." रोज! पावसाळ्यात परिपाठ वर्गात व्हायचा, तर हा मुद्दाम माझ्या वर्गाच्या दारात येऊन हरकत नोंदवून जायचा. माणसानं वैतागावं तरी किती?

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. बायबलातले संदेष्टे राजाला तोंडावर जाब विचारतात, म्हणून न्याय मान्य. देव गुलामांना मिसर देशातून सोडवून आणतो, म्हणून स्वातंत्र्य मान्य. सगळी माणसं देवाच्याच प्रतिरूपाची, तेव्हा समानतेबद्दल प्रश्नच नाही. "पण बंधुता?" तो म्हणायचा, "अरे, आमच्याकडे पहिल्याच भावानं धाकट्याचा जीव घेतला. पुढे एकानं थोरल्याचा हक्क लाटला. एकाला तर सगळ्या भावांनी मिळून विकून टाकला. म्हणून मग आज्ञा काय आली? शेजाऱ्यावर प्रेम कर. देवाला अनुभव आहे, नागरिक. तुमच्या घटनेला नाही." त्याच बायबलात भावांनी एकमेकांवर प्रेम करावं असंही ठिकठिकाणी सांगितलंय, ते हा सोयीस्करपणे गाळायचा. गणिताचा मास्तर असून!

एका प्रजासत्ताक दिनी मुख्याध्यापकांनी भाषणाला ह्यालाच उभं केलं. मी आधीच कपाळावर हात मारून घेतला होता. ह्यानं तेच सगळं मांडलं आणि शेवटी म्हणाला, "निकाल आपल्या मराठीनंच दिलाय. शेजाऱ्याला जोडून आपण धर्म लावला, शेजारधर्म. आणि भावाला जोडून काय लावलं? भाऊबंदकी!" पुढच्या खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी बसलेली, त्यांतल्या बहुतेकांचे वाडीच्या वाटणीचे दावे चाललेले. टाळ्या त्यांच्याच सर्वांत मोठ्या. मी मात्र घरी जाईपर्यंत त्याच्याशी भांडलो. म्हटलं, "घटना लिहिणाऱ्यांना भाऊबंदकी ठाऊक नव्हती होय? ज्याच्याशी आपलं रक्ताचं नातं नाही, त्याला भाऊ मानायचं, हीच तर त्या शब्दाची हिंमत आहे!" त्यावर हा शांतपणे, "परक्याला भाऊ मानू रे. सख्ख्याचं काय करायचं ते सांग."

सख्ख्याचं काय, हा त्याच्या घरचाच प्रश्न होता. वडील गेल्यावर वाडीची वाटणी झाली, ती गुण्यागोविंदानं. विहीर सामाईक ठेवली. मग पंपाची खोपटी कुणाच्या बाजूला बांधायची यावरून ठिणगी पडली आणि दोघांनी दोन्ही बाजूंना दोन खोपट्या बांधल्या, दोन पंप बसवले. विहिरीला पाणी बेताचं, म्हणून माडा-सुपारीच्या शिंपण्याला एक दिवस ह्याची पाळी, एक दिवस त्याची. बोलणं बंद पडलं, पण पाळी कधी चुकली नाही. मी म्हणायचो, "पास्कोल, जुझे तुझा भाऊ नसेल तर नसो. शेजारी तर आहे? मग तुझी ती आज्ञा त्याला लागू आहे की नाही?" इथं हटकून त्याला वहिनींना चहा टाकायला सांगायची आठवण व्हायची.

त्याला हरवायचं म्हणून मी बायबल वाचून काढलं. ज्याचा हक्क लाटला गेला तो थोरला भाऊ पुढे धावत येऊन धाकट्याला मिठी मारतो आणि दोघं रडतात, हे मी त्याला वाचून दाखवलं. ज्याला विकलं तोच दुष्काळात भावांना धान्य देतो, तेही दाखवलं. तो विहिरीच्या कठड्यावर, त्याच्या नेहमीच्या जागी बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुढचं वाचलंस वाटतं..." आणि उठून पंप बंद करायला गेला. मला त्या दिवशी त्याचा इतका राग आला होता की सांगता सोय नाही. दवाखान्यातही अट घातलीच त्यानं: "आण त्याला. पण शेजारी म्हणून. भाऊ म्हणून नको."

हा निरोप मी जुझेला दिला तो पास्कोल गेल्यावर. जुझे तितकाच हट्टी. "शेजारी म्हणून बोलावलान? मग शेजाऱ्यांतच बसतो," म्हणाला, आणि अंत्यविधीला चर्चमध्ये पुढे घरच्यांच्या बाकावर न बसता पार मागे, आम्हा गाववाल्यांत येऊन बसला. मी त्याला कोपरानं ढोसलं, डोळे वटारले. हलला नाही. एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

परवा वहिनींना भेटायला गेलो. मुलं नोकरीला मुंबईत, तेव्हा वाडी वाळली असणार असं धरूनच चाललो होतो. तर लांबूनच पंपाचा आवाज आला, पास्कोलच्या खोपटीतल्या पंपाचा. तो मधूनच अडखळतो, म्हणून मला ओळखू येतो. मागे जाऊन पाहिलं तर जुझे फावडं घेऊन पास्कोलच्या माडांच्या आळ्यांत पाणी वळवत होता.

"आज पाळी कुणाची?" मी विचारलं.

"त्याची."

"तुझे माड?"

"त्यांना उद्या."

मला राहवलं नाही. म्हटलं, "शेजारधर्म बरा पाळतोस रे!"

त्यानं फावडं थांबवलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच वेडा. "शेजारधर्म कसला, सर? भाव हाय तो माजा."

मी विहिरीकडे वळलो. आयुष्यभराचा वाद मी जिंकलो होतो, आणि कठड्यावरची ती जागा रिकामी. "ऐकलंस का, पास्कोल?" मी चांगलं मोठ्यानं विचारलं. जुझेनं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पाणी वळवायला वाकला.