बिनडोक्याची गाडी

मला गाडीतलं सगळं कळतं, असं त्या काळी मी भेटेल त्याला सांगत असे. हातखंबा तिठ्यावर माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांबांवर पत्रे, एक जॅक आणि पान्यांची पेटी. मुंबई-गोवा रस्त्यावरचे ट्रक यायचे, मिरकरवाडा बंदरातले ट्रॉलरवाले इंजिनाच्या कामाला बोलवायचे, आणि मी नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचो. चारातल्या दोन वेळा बरोबर निघायचा. उरलेल्या दोन वेळा गिऱ्हाइकालाच गाडी नीट चालवता येत नाही असं म्हणायचो. ऐंशी साल नुकतंच मागे पडलेलं, माझी तिशी अजून यायची होती, आणि डोक्यात हवा भरपूर.

अशात मुंबईचे एक शेठ गोव्याला जाताना तिठ्यावर बंद पडले. गाडी जुनी, विलायती, उघड्या टपाची. इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा रबरी पडदा फाटला होता. तो इथे कुठला मिळायला? मी माझा जुना रेनकोट कापून पडदा केला, बसवला आणि गाडी चालू करून दिली. शेठ इतके खूश झाले की मला वाटलं आता मिठी मारतात. ते म्हणाले, अशा उघड्या गाड्या गोळा करायचा मला नाद आहे, तुमच्या बाजूला कुणाकडे आहे का? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी लगेच सांगून टाकलं की आमच्या मास्तरांकडे आहे, डिट्टो हीच.

डिट्टो म्हटल्यावर शेठ चहाचा पेला खाली ठेवून नीट बसले. त्यांनी मला समजावलं की कंपनीने या मॉडेलच्या उघड्या गाड्या मोजक्याच काढल्या, बाकी सगळ्या बंद टपाच्या. उघडीला सोन्याचा भाव. म्हणून लोक काय करतात, बंद गाडीचं टप करवतीने कापतात, कडांना पुट्टी थापतात, वर रंग मारतात आणि अस्सल म्हणून खपवतात. तुमच्या मास्तरांची अस्सल असेल तर मागतील ती किंमत देतो, कापलेली असेल तर भंगाराच्या भावानेही नको. तूच बघ आणि लेखी कळव, म्हणाले. पुढे मुंबईहून त्यांनी पारख कशी करायची याचं टाइप केलेलं पत्रक पाठवलं. इंग्रजीत. मी तीन दुपारी शब्दकोश घेऊन बसलो, आणि चौथ्या दिवसापासून आपण लहानपणापासून हेच करत आलोय अशा थाटात बोलायला लागलो.

मास्तर म्हणजे शाळेत मला गणित शिकवणारे मास्तर. माझ्या गणिताने त्यांना आणि त्यांच्या छडीने मला पुष्कळ त्रास झालेला. तिठ्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, उतारावर त्यांचं घर. लग्नाला वर्ष व्हायच्या आत या माणसाने वाट्याला आलेली बावीस हापूस कलमांची बाग विकली आणि बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून ही गाडी घेतली. कोकणात, जिथे चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, तिथे बिनटपाची गाडी. कापडी टप होतं, ते पहिल्याच वर्षी उंदरांनी संपवलं. मग ती वर्षातून एकदा, गणपती आणायला, बाहेर निघायची. मास्तर छत्री धरलेल्या हाताने स्टिअरिंग फिरवायचे आणि शेजारी प्लॅस्टिक पांघरून गणपती.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, तीस वर्षं एकच वाक्य बोलत होत्या. बिनडोक्याने घेतलेली बिनडोक्याची गाडी. त्यांच्या मते ती कापलेलीच होती. साहेबाच्या टपावर माडाची झावळ पडली असणार, चेपलेलं टप त्याने कापून टाकलं असणार, आणि गाडी आमच्या ह्यांना नवीन फॅशन म्हणून विकली असणार. सगळी वाडी काकूंच्या बाजूने. मास्तर बिचारे ओरडून सांगायचे की अस्सल आहे, पण ऐकतो कोण? बागेचा नवा मालक सज्जन होता. दर मे महिन्यात आंब्यांची एक पेटी भेट पाठवायचा. काकू ती पेटी मास्तरांच्या पुढ्यात ठेवायच्या आणि एक अक्षर न बोलता आत जायच्या. ते त्यांच्या बोलण्यापेक्षा वाईट.

शेठची गोष्ट मी मास्तरांच्या घरी सांगितली आणि घरात वारं फिरलं. काकूंनी मुंबईच्या मुलाला पत्र टाकलं. मुलाचं उत्तर आलं की गाडी अस्सल निघाली तर विकायची आणि त्या पैशात बाग परत घ्यायची. बागवाला थकला होता, द्यायला तयार होता. म्हणजे हिशोब सरळ झाला. गाडी अस्सल तर मास्तर जिंकले, पण गाडी गेली. कापलेली तर गाडी राहिली, पण मास्तर जन्माचे वेडे ठरले. आणि हे ठरवणार कोण, तर गणितात तीनदा गचकलेला मी.

रविवारी गेलो. गाडी मांगरात, म्हणजे घरामागच्या गवत ठेवायच्या खोपटात होती. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. तिला उठवायला काकूंनी साफ नकार दिला, एकवीस दिवस व्हायचेत म्हणाल्या. म्हणून अर्धी पारख मी कोंबडीच्या शिव्या खात केली.

फुटलेल्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक मी बरोबर नेलं होतं. पत्र्यावर ते चिकटतं, पुट्टीवर घसरतं. दारांच्या कडा, काचेची चौकट, मागची बाजू, सगळीकडे चिकटलं. उजव्या मडगार्डवर मात्र पटकन खाली पडलं. मास्तरांचा चेहरा पांढराफटक. काकू दारातून म्हणाल्या, ती पुट्टी लग्नाच्या दुसऱ्या वर्षाची, ह्यांनी फणसाला धडक दिली होती. मग मी खाली शिरलो. पत्रकात लिहिलं होतं की टप नसलं की गाडीचा मधला भाग लेचापेचा होतो, म्हणून अस्सल उघड्या गाडीला कंपनी खालून फुलीसारख्या लोखंडी पट्ट्या घालते. होत्या. कंपनीच्याच रिबिटांनी मारलेल्या. चेहरा मात्र मी डॉक्टरसारखा ठेवला.

शेवटची परीक्षा वजनाची. कापलेल्या गाडीत भारी माणसं बसवली की ती मधून वाकते आणि दारं लागत नाहीत. मी चार जड माणसं मागितली. वाडीत जड माणसांना तोटा नव्हता. गिरणीवाला आला, त्याचा थोरला भाऊ आला, पोस्टमास्तर आले, आणि मिरकरवाड्याहून मासळी विकायला आलेली एक बाई टोपलीसकट आली. कोंबडी शेवटी स्वतःच उठून गेली, तिचं अंडं काकूंनी पदरात घेतलं. चौघं बसले. स्प्रिंगा कण्हल्या. मी दोन्ही बाजूंना जाऊन एकेका बोटाने दार ढकललं. टक. आणि टक. तीस वर्षांची गाडी, चार पोती माणसं आत, आणि दारं कपाटासारखी लागली.

बाकीच्यांना वाटलं मी स्प्रिंगा तपासतोय. मासळीवाली म्हणाली, आता एक फेरी मारल्याशिवाय मी उतरत नाही. तिला उतरवण्यात सगळे गुंतले असताना मास्तरांनी माझं मनगट धरून मला फणसाखाली नेलं.

"अस्सल आहे ना?"

"आहे, मास्तर. पट्ट्या कंपनीच्या, कुठे करवत लागलेली नाही."

मास्तर रडायला लागले. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. माझ्या आयुष्यातली ही पहिली पारख, जिच्यात मी थाप मारलेली नव्हती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, आता बाहेर जाऊन सांग की कापलेली आहे.

मला वाटलं आनंदाने यांचं डोकं फिरलं. पण ते हळू आवाजात, वर्गात समजावायचे तसे, समजावत राहिले. अस्सल म्हटलंस तर महिन्याभरात शेठ घेऊन जाणार. बाग येईल, हिच्या मनासारखं होईल, सगळं खरं. "पण मग मी सकाळी उठून जायचं कुठे?" रोज सकाळी फडकं घेऊन ते मांगरात जात, एवढंच त्यांचं पेन्शनीतलं काम. मला राग आला, खोटं का बोलू? तीस वर्षं ज्याच्यासाठी भांडलात ते सिद्ध झालंय आणि तुम्हीच ते गाडायला सांगताय? ते म्हणाले, सिद्ध माझ्यापुरतं झालं की. तुला माहीत, मला माहीत. बस झालं.

अंगणात येऊन मी जाहीर केलं की गाडी कापलेली आहे. गिरणीवाल्याने मांडीवर थाप मारली, मी म्हटलंच होतं म्हणाला. त्याचा भाऊही म्हणाला. पोस्टमास्तरांनी तर टप कापलं ती जागासुद्धा दाखवली. मास्तर मान खाली घालून उभे होते, पण या माणसाला नाटक जमत नाही, ओठांच्या कडा सारख्या वर जात होत्या. मी काकूंकडे बघायचं टाळत होतो. आता तीस वर्षांचं सगळं व्याजासकट बाहेर पडणार, असं मला वाटत होतं. त्या मात्र पदरातलं अंडं सांभाळत आत गेल्या.

मी निघालो तर फाटकापाशी काकू आमसुलांची पुडी घेऊन उभ्या. पुडी हातात देऊन त्यांनी ती सोडली मात्र नाही.

"खरं सांग. कापलेली नाहीये ना?"

मी जमिनीकडे पाहिलं. मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवाल्यांना मी बिनदिक्कत थापा मारत असे, पण काकूंपुढे माझी जीभ उचलेना. नाही, म्हटलं, अस्सल आहे, दारं लागली तेव्हाच कळलं. मग त्यांनी विचारलं की ह्यांनी तुला खोटं का बोलायला लावलं. मी सांगितलं, गाडी विकायची नाही म्हणून. सकाळी उठून जायचं कुठे, असं म्हणाले.

काकू जांभ्याच्या पायरीवर बसल्या. मला वाटलं आता उठून आत जातील आणि मास्तरांची काही धडगत नाही. पण त्यांचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला पळून जावंसं वाटलं.

"गाडी विकायची नाही, एवढं मला सांगायची ह्यांची छाती झाली नाही. त्यापेक्षा चारचौघांत वेडं ठरणं बरं वाटलं. मी काय खाल्लं असतं ह्यांना?" मग त्यांनी विचारलं, "एवढं वाईट बोलते मी?"

"छे हो, काकू."

"खोटं बोलू नकोस. आज एकदा बोललास तेवढं पुरे."

मग मी म्हटलं, हो, बोलता. त्यांनी मान हलवली, नाक पुसलं, पुडी सोडली आणि उठल्या. मी फाटक ओढून घेत होतो तेव्हा ओटीवरचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. काकू म्हणाल्या, अहो, गाडी असू दे आपल्याकडे, मला आवडते. मग मास्तरांचा आवाज आला, चांगलाच घाबरलेला.

"काय झालं? तुला बरं वाटत नाहीये का?"