दगडाबाईचं घोंगडं

दगडाबाईचं मलाच इचारा. मी कडूबाई, तिची शेजारीण बी अन् कामावरची जोडीदारीण बी. बाई लई हट्टी! शेरडं राखणाऱ्या घरातली. दुष्काळात शेरडं इकली, मग दरसाल नवऱ्यासंगं ऊसतोडीला.

तवा शिरूर कासारला आमच्या बायांच्या सहकारी संस्थेनं कारखाना काढला. कारखाना कसला, पत्र्याच्या दोन खोल्या! हीटरच्या कपाटात, ट्रेमधल्या गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवायची अन् तिच्यातनं एन्झाइम काढायचं. कापडाची खळ काढायला गिरणीवाले ते नेतात. ही बुरशी आमच्यासारखीच, उन्हात तगणारी. आमच्या केमिस्ट शिवकन्या म्याडम पहिल्याच दिवशी बोलल्या, "हिला गारवा लागू द्यायचा नाही."

पन ऐकंल ती दगडाबाई कसली! उन्हाळ्यात कपाट उघडलं, ट्रे तापलेले बघितले अन् हिला आली दया. रांजणावर टाकतो तसं वलं गोणपाट टाकलं ट्रेवर. सगळा माल नासला, दुसरीच हिरवी बुरशी माजली.

"गोणपाट मी टाकलं," सगळ्यांम्होरं बोलली.

माझं टाळकंच सरकलं. "अगं, गप बसली असती तर काय बिघडलं असतं?"

"माल बिघडला की. आजून काय बिघडायचं राह्यलंय?"

अध्यक्ष विमलबाईंनी सांगून टाकलं, दिवाळीनंतरची खेप जमली तर ठीक, न्हाईतर कुलूप. म्हंजे पुन्हा आमच्या हातात कोयता. दगडाबाईनं तर ऊसतोडीचं बोचकं बांधून कारखान्याच्या कोपऱ्यातच ठिवलं व्हतं.

अन् त्याच खेपेला, थंडीच्या पहाटं, डीपी जळाली. हीटर बंद! म्याडम ओरडल्या, "बुरशीला स्वतःची ऊब असते, ती धरून ठेवा! काहीही पांघरा, पण बाहेरून!"

दगडाबाईनं बोचकं सोडलं. कोयता खण्णकन खाली पडला. आतलं घोंगडं काढून तिनं कपाटावर टाकलं. बाया घरी पळाल्या, वाकळा घिऊन आल्या.

तेवढ्यात दारात ऊसतोडीला माणसं नेणारा मुकादमाचा ट्रक. आश्रुबा मुकादम हॉर्नवर हॉर्न वाजवतोय. तिचा नवरा सटवा खाली उतरून आत आला. ऊसतोडीला जोडी लागती, एकल्याला कोन नेतंय?

"माल जमला का गं?"

"उद्या कळंल."

"मग घोंगडं घे अन् चल."

"घोंगडं काढलं की बुरशी मरती. तुमी जावा, मी न्हाई यायची."

सटवा कपाटाकडं बघत राह्यला. मला वाटलं, आता दोघांचं वाजतंय. हॉर्न पुन्हा वाजला. सटवानं खांद्यावरचं सोताचं घोंगडं काढलं अन् तिच्या हातात दिलं.

"या बाजूनं उघडंच हाय की," म्हणला. "ह्ये बी टाक."

सटवाला न घेताच ट्रक गेला. दगडाबाईनं घोंगड्याखाली हात घातला. "ऊन हाय गं," म्हणली अन् रडाया लागली. मी बी रडले, खोटं कावून बोलू?

माल जमला. आता खेप लागली की पत्र्याच्या खोलीत सटवा बी कोंडा भिजवाया असतो.