सुधाकरभाऊंच्या दोन पाट्या

सुधाकरभाऊ गेल्याचं त्यांच्या पत्नी मंदावहिनींनी फोनवर सांगितलं, त्याला आता दीड महिना झाला. आमच्या ग्राफिक्स लायब्ररीवर, म्हणजे संगणकावर चित्रं काढून देणाऱ्या सामायिक प्रोग्रामवर, फुकट राबणाऱ्या देशोदेशीच्या मंडळींचे शोकसंदेश आले आणि पाठोपाठ त्यांच्यातल्याच एका गृहस्थाची सूचना आली: जुन्या संगणकांसाठी भाऊंनी लिहिलेला भाग काढून टाकू, त्याला आता कुणी वाली नाही. श्रद्धांजली वाहायची आणि त्याच हाताने माणूस पुसायचा! माझं डोकंच फिरलं.

खापरखेड्याला नोकरी करणारा हा माणूस रविवारी नंदनवन वस्तीतल्या आपल्या खोलीत बसून ही लायब्ररी लिहायचा. एकच प्रोग्राम कुठल्याही संगणकावर सारखंच चित्र काढेल, हा त्यांचा हट्ट. मी शिकायला गेले तेव्हा माझी चित्रं पडद्यावर नुसती लुकलुकायची. त्यांनी मला दोन पाट्या समजावल्या. एक लोकांपुढे, दुसरी लपवलेली. चित्र लपवलेल्या पाटीवर पुरं करायचं, मगच ती पुढे आणायची. "अर्धं चित्र लोकांले काहून दाखवाचं वं?"

मी तसं लिहिलं. वेळ वाचवायला दर खेपेला फक्त नवी रेघ तेवढी काढली. माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. पण भाऊंच्या टेबलावरच्या जुन्या संगणकाच्या डब्ब्यावर चालल्याशिवाय कुणाचंच काम मंजूर होत नसे, आणि तिथे एक रेघ काढली की आधीची गायब, पुढची काढली की ती परत हजर! लॅपटॉप लपलेल्या पाटीची नक्कल पुढे मांडत होता. डब्बा खरोखरच पाट्यांची अदलाबदल करत होता. मागे गेलेल्या पाटीवर माझी शेवटची रेघ नव्हतीच, आणि पुढची रेघ त्याच पाटीवर पडत होती.

"सोडा ना भाऊ, असे संगणक आता कोण वापरतं?" मी म्हणाले. भाऊ गोड माणूस कधीच नव्हते. ताडकन म्हणाले, "कळमन्याकडच्या शाळेत पोरं याच्यावरच चित्र काढून राहिले. चूक तुही, अन् शिक्षा त्यांले?" चार रविवार त्यांनी मला तिथेच बसवलं. मी दर खेपेला अख्खं चित्र नव्याने काढायला लागले, तेव्हा कुठे रेघा जागच्या जागी राहिल्या... शाबासकी नाहीच, भाऊ "हं" म्हणाले फक्त. मला ते "हं" अजून हवं आहे.

त्या सूचनेला मी एका ओळीत उत्तर दिलं: वाली आहे, मी आहे. आता दर रविवारी त्या खोलीत जाते. डब्बा सुरू व्हायला वेळ घेतो, तोवर वहिनी चहा आणतात. गेल्या रविवारी ती सूचना करणाऱ्या त्याच गृहस्थांचं नवं काम तपासायला आलं होतं. त्यांच्या संगणकावर उत्तम चालतं, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते डब्ब्यावर लावलं. पहिली रेघ काढली, दुसरी काढली... पहिली गायब.

"काय झालं वं?" वहिनींनी दारातून विचारलं.

"काही नाही, वहिनी. नामंजूर."