पाखऱ्या कुणासाठी पळाला?

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलो. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळावरचा मुंजा... बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि मध्येच म्हणायचो, "ह्या माणसाला आधी चष्मा द्या!" जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून राबलोय. मशीन थांबलं तर थांबायला कारण असतं, एवढीच माझी श्रद्धा. अजूनही तीच आहे. त्यामुळे आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर घरातले माझी खेचतायत. खेचू देत! पण हे भर दुपारी, जत्रेच्या गर्दीत, लख्ख उन्हात घडलंय — आणि नुसतं डोळ्यांदेखत नाही, माझ्या ह्या उजव्या तळहातावर घडलंय.

गोष्ट नवे पैसे यायच्या आधीची. पिंपरीचा औषधांचा कारखाना तेव्हा नवाकोरा होता आणि मी तिथं नुकताच चिकटलो होतो. आमचं घर थेरगावला. तेव्हाचं थेरगाव म्हणजे शेतं आणि पवनेचं पाणी, आज दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. माझी थोरली बहीण, आक्का, चाकणच्या पलीकडे भामा नदीकाठच्या एका गावात दिली होती. तिचे यजमान रघुनाथ, म्हणजे माझे दाजी, नेव्हीत खलाशी होते.

आता चाकणचा माणूस आणि समुद्र — संबंध काय? हाच प्रश्न अख्ख्या गावाला पडला होता. दाजींची आई ते पाळण्यात असतानाच गेली. त्यांच्या वडिलांनी, तात्यांनी, दुसरं लग्न केलं नाही. स्वतः भाकऱ्या थापून पोराला वाढवलं. तात्यांचा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात गेला तो परत आलाच नाही, म्हणून ह्या घरातलं पोरगं फौजेत जाणार नाही अशी तात्यांची शपथ होती. दाजी पक्के बिलंदर! म्हणाले, "फौजेत कुठं जातोय तात्या? बोटीवर जातोय. बोटीवर कोण कुणाला गोळी घालतंय?" भामेच्या डोहात बैलाची शेपटी धरून पोहायला शिकलेला हा गडी मुंबईला गेला आणि भरती होऊन आला. पांढरा ड्रेस, पाठीवर लोंबणारी ती चौकोनी कॉलर... गावातल्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या.

आणि पाखऱ्या. पाखऱ्या हा दाजींचा बैल. गाईनं त्याला जवळ घेतलं नव्हतं, म्हणून दाजींनीच बोटानं दूध पाजून जगवलेला. आमच्या भागात बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड किती, हे काही खेड-चाकणच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. घाट म्हणजे शर्यतीसाठी केलेला चढाचा रस्ता. खालून एकेक गाडा सुटतो, त्याला बारी म्हणायचं. पुढं घोडी पळते, मागं बैल. गाड्यावर हाकायला कुणी बसत नाही. बैल पळाला तर त्याच्या मनानं पळतो. वर माथ्यावर एक माणूस निशाण धरून उभा असतो, आणि गाडा पोचला की निशाण पडतं.

पाखऱ्या पळायचा तो एकाच माणसासाठी. दरवर्षी चैत्रातल्या जत्रेला दाजी सुट्टी काढून यायचे आणि माथ्यावर निशाणाशेजारी उभे राहून ती नेव्हीची पांढरी टोपी हलवायचे. ती दिसली की पाखऱ्या सुटलाच! पण एक वर्ष दाजींना सुट्टी मिळाली नाही, तेव्हा हा पठ्ठ्या बाजाराला निघाल्यासारखा चालत चालत वर आला होता. लोक हसून हसून आडवे.

दाजींची आणखी एक सवय होती, ती नीट लक्षात ठेवा. सुट्टीवर घरी आले की आधी गोठ्यात जाऊन पाखऱ्याला तळहातावर गुळाचा खडा द्यायचे. परत बोटीवर निघताना खडेमीठ द्यायचे. आला की गूळ, निघाला की मीठ. आक्का चिडवायची, "बायकूला बी आसंच कायतरी देत जावा की." हे घरातल्या माणसांपलीकडे कुणाला माहीत नव्हतं.

तर, एका पावसाळ्याच्या शेवटी तार आली. इंग्रजीत होती म्हणून मला थेरगावहून बोलावून घेतलं. मी उभ्यानं वाचली — वादळात डेकवरून वाहून गेले, बेपत्ता, शोध चालू. पुढं दिवाळीनंतर पत्र आलं. शोध थांबवला, मृत समजावं. ते मी मराठीत करून सांगितलं. तात्या म्हणाले, "समजावं म्हंजी? त्यांनी बघितलं का? न्हाई ना? मंग माजं पोरगं हाय."

देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि दिवस घालतात. भटजींनी सांगितलं, भावकीनं सांगितलं, पण तात्या पुतळ्याचं नाव काढू देईनात. आणि ह्यात माझी आक्का लटकली! ना सवाष्ण, ना विधवा. संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेलो होतो, तेव्हा हे मी स्वतः पाहिलं. बायका एकमेकींना कुंकू लावत आक्कापाशी आल्या आणि करंडा हातात धरून थबकल्या. लावावं की नाही? शेवटी एक जण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्ता." आक्का उठून आत गेली. मला इतका संताप आला म्हणून सांगू! बाहेर तात्यांना म्हटलं, "काय तो निकाल लावा. मी तिला थेरगावला नेतो, शिवणकाम शिकवतो, पण असं टांगून ठेवू नका."

तेवढ्यात आक्काच दारात आली.

"मामंजी, जत्रंला पाखऱ्याला जुपा. ते वर नसले तर तो पळत न्हाई. पळाला तर ते हायेत, मी जलमभर वाट बघीन. न्हाई पळाला तर पुतळा करा."

माझ्या मनात म्हटलं, सुटली! दाजी वर नसणार, बैल पळणार नाही, हे काय सांगायला पाहिजे? मी लगेच हो म्हणालो. तात्या गोठ्याकडे बघत म्हणाले, "व्हय. बैल खोटं बोलायचा न्हाई."

जत्रेचा दिवस. काय ते ऊन, काय ती गर्दी! हलगी कडाडतेय, सनई चाललीय, भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालीत, पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोन्ही अंगांनी फेटेच फेटे. आक्का बाजूच्या देवळाच्या ओट्यावर बायकांत बसली होती. तात्या खाली गाडा जुपायला. मी मुद्दाम वर निशाणाशेजारी जाऊन उभा राहिलो. नेमका दाजी उभे राहायचे तिथं नव्हे, त्याच्या डाव्या हाताला. ती जागा माझ्याच्यानं घेववली नाही.

आमच्या बारीचा पुकारा झाला. जोडीला शेजाऱ्यांचा बैल होता. खालून कुणीतरी ओरडलं, "आली रं आली नवरीची वरात!" आणि सगळा घाट हसला. घोडी सुटली. जोडीच्या बैलानं ओढ घेतली, पण पाखऱ्या जागचा हलेना. म्हटलं, झालं... संपलं.

आणि त्यानं मान वर केली. कान टवकारले. वर बघितलं. माझ्याकडे नव्हे हो! माझ्या उजव्या हाताला, त्या रिकाम्या जागेकडे.

आणि सुटला!! राव, मी त्यानंतर शेकडो बाऱ्या बघितल्या, पण तसला वेग नाही! चाकं जमिनीला लागेनात, जोडीचा बैल नुसता फरफटत यायला लागला, पुढच्या घोडीवाल्यानं मागं वळून बघितलं आणि भिऊन बाजूलाच घेतली. माणसं हसायची विसरली. मी तर सगळा शहाणपणा गुंडाळून बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "पाखऱ्या! पाखऱ्या!" निशाण पडलं!

निशाणाच्या पुढं बैल आवरता आवरत नाहीत, पार रानात जाऊन धरावे लागतात. पाखऱ्या मात्र आपण होऊन थांबला. खाडकन. माझ्यापासून हातभर अंतरावर. धापा टाकतोय, तोंडाला फेस... आणि त्यानं डोळे मिटले, जीभ बाहेर काढली आणि हवेतच चाटायला लागला. माणसाचा हात जिथं येईल तेवढ्या उंचीवर.

तिथं काही नव्हतं. मी शपथेवर सांगतो, काही नव्हतं.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी माझा तळहात त्या जागी नेला. बैलाची जीभ लागायच्या आधीच हात ओला झाला. आणि थंडगार! त्या चैत्राच्या उन्हात! मी दचकून हात मागं घेतला आणि विचार न करताच ओठांना लावला. खारट. आणि खारटाच्या मागून कडवट, घशाला धरणारं.

खाली नुसता कल्लोळ! तात्या भंडारा उधळत चढ चढून येत होते, नाचतायत. "रघू हाय! माजा रघू हाय!" गावानं त्यांना उचलून घेतलं. ज्यांनी वरातीची चेष्टा केली तेच आता पाखऱ्याच्या पाया पडत होते.

मी देवळाकडे पळालो. आक्काच्या भोवती बायका गोळा झालेल्या, आणि त्यातल्याच एकीनं तिच्या कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं होतं. मला बघितल्यावर आक्का बाजूला आली. मी धापा टाकत सगळं सांगितलं. बैल थांबला, हवेत चाटत होता, हात ओला झाला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"तोंडाला लावलास?"

"लावला."

"ग्वाड का खारं?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला! खोटं बोलावं असं फार वाटलं. तिच्या कपाळावरचं ते कुंकू समोर होतं. पण आक्काशी मला कधी खोटं बोलता आलेलं नाही.

"खारट," मी म्हणालो.

ती ओट्यावर बसली. रडली नाही. "निघालं म्हणायचं," एवढंच बोलली. "भेटून निघालं."

संध्याकाळी मिरवणूक आटोपल्यावर तात्या गोठ्यात पाखऱ्याचे पाय चोळत बसले होते. भंडाऱ्यानं अजून पिवळेधमक. आक्का त्यांच्याजवळ गेली, मी तिच्या मागं.

"मामंजी, पुतळा करा."

तात्यांनी हात थांबवले नाहीत. म्हणाले, "गुळाला तो मान हालवतो, पोरी. मिठालाच डोळं मिटतो. मी चढावरनंच बघितलं."

मला राहवेना. "म्हणजे तुम्हाला कळलं होतं? मग नाचत काय होतात तात्या?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडा. "पाव्हणं, जाता जाता पोरगं निशाण पाडून गेलं माजं. त्याची शेवटची बारी. नाचायचं न्हाई व्हय?" आणि मग ते पाखऱ्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. पत्र आल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी भामेच्या काठी पुतळ्याला अग्नी दिला. मी आक्काला न्यायला तयार होतो, पण ती आली नाही. म्हणाली, तात्यांना कोण? तात्या होते तोवर ती तिथंच राहिली. पाखऱ्या पुन्हा कधी घाटात पळाला नाही, कुणी जुपलाही नाही. आज त्या घाटाच्या पायथ्याला कंपन्यांचे ट्रक उभे असतात.

मी फिटर माणूस, कारण शोधणं माझा धंदा. बैलाचा फेस उडाला असेल. माझाच घाम असेल. बैल घोडीला बघून पळाला असेल. हे सगळं मी स्वतःला शंभरदा सांगितलंय आणि बरंचसं पटवूनही घेतलं होतं. पण तात्या गेल्यानंतर आक्का आमच्याकडे थेरगावला आली आणि एकदा म्हणाली, मला समुद्र दाखव. तोवर मीसुद्धा समुद्र पाहिला नव्हता. मुंबईला चौपाटीवर दोघं पाण्यात उभे राहिलो. आक्कानं कनवटीतून गुळाचा खडा काढला, तळहातावर धरला आणि वाकून हात पाण्यात बुडवला. लाट आली, खडा गेला.

"आज आपुन आलो न्हवं," ती म्हणाली. "आल्यावर गूळच द्यायचा."

मी गुपचूप बोट बुडवून तोंडाला लावलं. खारट... आणि मागून कडवट, घशाला धरणारं. माझा घाम असा कधीच लागला नव्हता. मिठाच्या खड्याचीही ती चव नव्हे.

आक्का माझ्याकडेच बघत होती. "त्येच?" तिनं विचारलं.

"तेच," मी म्हणालो. ह्यापलीकडं मला आजही काही सांगता येत नाही.