आलियाचा गुडघा

निजामोद्दीन वेल्डरला अहमदपुरात कोणी इंजिनिअर म्हणालं असतं, तर तोच आधी हसला असता. पण भूकंपात त्याची लेक आलिया मावशीच्या गावी भिंतीखाली सापडली. पाय मांडीपासून कापावा लागला, आणि शिबिरात मिळालेला नकली पाय गुडघ्यात वाकतच नव्हता. नऊ वर्षं पोर पायाला वासा बांधल्यासारखी चालली.

दहावीला तिला नव्वद टक्के पडले. लातूरच्या क्लासचे सर म्हणाले, "पोरगी हुशार हाय, न्हाई म्हणत न्हाई. पण ताठ पाय ओळीत कुठं ठेवायचा? वाकणारा आणा, सीट देतो."

निजामोद्दीननं मनावर घेतलं. गुडघ्याच्या नमुन्यासाठी पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी एकमेकींत जोडून फळीवर ठोकल्या. खालच्या पट्टीच्या भोकात पेन्सिल धरून सांधा हलवला, की कागदावर पावलाची वाट उमटायची. पुढची पट्टी जरा आखूड झाली की पाऊल जमिनीला घासायचं. मागची लांबली की उभ्याउभ्या गुडघा मोडायचा. पुठ्ठ्यांचा ढीग वाया गेला, तेव्हा कुठं माप लोखंडात उतरलं. टाचेवर भार दिला की घट्ट, पाऊल उचललं की सैल. आलिया पहिल्यांदा पाय दुमडून खुर्चीवर बसली, आणि तिची अम्मी गौसिया दाराआड जाऊन रडली.

सरांनी तो पाय बघितला, पण त्यांचं डोकं भलतीकडंच चाललं. "मामू, अशाच पट्ट्या लावून घडीची बाकं करा की. पोरगं उठलं की सीट उभी. दोन ओळी जास्त मावतील." लेकीच्या सीटपायी निजामोद्दीन हो म्हणाला. अडला हरी, दुसरं काय! दोन महिने खपून त्यानं साठ बाकं केली. ओळींत अंतर किती ठेवणार, हे मात्र त्यानं विचारलं नाही.

पहिल्या दिवशी बाकीची पोरं तिरकी होऊन मावली. आलिया बसली, गुडघा वाकवला, आणि सांधा पुढच्या बाकाला अडला. चार बोटं जागा कमी पडत होती. बाकं फरशीत बोल्टानं आवळलेली.

"सर, एक ओळ कमी करा," निजामोद्दीन हात जोडून म्हणाला.

"एका पोरीपायी दहा पोरं बाहेर काढू?"

ओढणीच्या आडोशानं आलियानं मांडीचे पट्टे सोडले, पाय काढला आणि भरल्या वर्गात बापाच्या हातात दिला.

"हा घरी न्या, अब्बा. आता मावते मी."

पाय काखेत मारून निजामोद्दीन बाहेर पडला. जन्मात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली.